कॅराव्हॅनचा एसी दुपारी बंद पडतो, रात्री चालतो. दोनदा गॅस भरून झाला, मदत हवी

संत्राबाग – १४ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यातल्या आमच्या वावरातून लिहिते आहे. घराची जुनी कौलं काढून स्लॅब टाकणं सुरू आहे, म्हणून आई-बाबा महिनाभर बागेत, आमच्या कॅराव्हॅनमध्ये राहायला आले आहेत. गाडीमागे ओढायची बारा फुटी कॅराव्हॅन आहे, भावाने तीन वर्षांपूर्वी बांधून घेतलेली. आत एक टनाचा साधा स्प्लिट एसी आहे, इन्व्हर्टर नसलेला. त्याचं आउटडोअर युनिट समोर, ओढायच्या दांड्यावर बसवलंय. फेब्रुवारीत गाडी शेगावला नेली होती तेव्हा एसीची काही तक्रार नव्हती.

आता असं होतंय. सकाळी अकरापर्यंत छान चालतो. साडेबारा-एकनंतर आतला पंखा चालूच राहतो, पण हवा गरम येते. बाहेर जाऊन कान लावला तर आउटडोअरचा पंखा फिरत असतो, कॉम्प्रेसर चार-पाच सेकंद नुसता गुंगुं करतो, टक् असा आवाज येतो आणि गप्प. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. कधी लागलाच तर दहा मिनिटं चालतो आणि परत टक्. रात्री अकरानंतर मात्र पहाटेपर्यंत सलग चालतो.

एक मेकॅनिक दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा "गॅस कमी आहे" म्हणून गॅस भरला, एकदा १८०० घेतले, एकदा १५००. दुसऱ्यांदा भरल्यापासून तर आधीपेक्षा लवकर बंद पडतो. आज म्हणाला, कॉम्प्रेसर गेला, बदलावा लागेल.

बाबा ७४ वर्षांचे आहेत, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. आंबिया बहाराची फळं झाडावर आहेत, या उन्हात पाणी चुकलं की गळ सुरू होते, म्हणून ते बाग सोडून नागपूरला ताईकडे जायला तयार नाहीत. आज दुपारी दोनला गाडीच्या आत ३९ अंश होतं. कॉम्प्रेसरचा खर्च करायच्या आधी काय काय तपासून घेऊ?

पूर्णाकाठ – १४ मे, रात्री १०:०५

ताई, माह्यं ऐका. एसीच्या मांगं कायले लागता? आपल्याकडं मे महिन्यात हवा कोरडी राह्यते, कूलरपुढं एसी काहीच नाही. आमच्या अकोल्याच्या घरी वाळ्याच्या ताट्या लावलेला मोठा कूलर हाय, रात्री चादर घ्या लागते. दोन हजाराच्या गॅसपेक्षा तेवढ्यात चांगली मोटर अन् ताट्या येतात.

संत्राबाग – १४ मे, रात्री १०:२०

दादा, तुमचं खरं आहे, घरी आम्हीही कूलरच वापरतो. पण गाडीत जागा नाही, कूलर बाहेर खिडकीशी लावावा लागतो आणि दार उघडं ठेवावं लागतं. बागेत रात्री साप-विंचू निघतात, आई दार उघडं ठेवून झोपायला घाबरते. आणि पाऊस पडून उकाडा सुरू झाला की कूलर कामाचा राहत नाही. तरी उद्या दिवसासाठी घरचा कूलर आणून लावते.

वैनगंगाकाठ – १४ मे, रात्री १०:४५

एसीचं नंतर बघू, आधी बाबांचं. ३९ अंशांत त्यांना दुपारी गाडीत बसू देऊ नका. पत्र्याच्या डब्यापेक्षा झाडाची सावली थंड असते. आंब्याखाली किंवा कडुनिंबाखाली खाट, ओला पंचा, थोडं थोडं पाणी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, उन्हाळ्यात डोस तोच ठेवायचा का हे त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. मनाने बंद करू नका.

आम्हीही दोन वर्षं भंडाऱ्याहून अशीच गाडी ओढत फिरतोय, २०२१ साली राज्याचं कॅराव्हॅन धोरण आलं तेव्हापासून डोक्यात होतं. उद्या गाडीचा फोटो टाका, कुठे आणि कशी उभी केली आहे ते दिसलं पाहिजे.

जुनावायरमन – १५ मे, सकाळी ६:१५

ताई, मेकॅनिकला तूर्तास थांबवा. सकाळी आणि रात्री चालणारा कॉम्प्रेसर दुपारपुरता खराब होत नसतो. चार गोष्टी सांगा.

गाडीला वीज कुठून घेतली आणि तिथपर्यंत किती मीटर वायर आहे? वायर किती जाडीची, त्यात तारा दोन की तीन? मीटर घरगुती आहे की मोटरपंपाच्या कनेक्शनवरून घेतलंय? आणि सगळ्यात महत्त्वाचं: ओल्या पायाने जमिनीवर उभं राहून दाराच्या कडीला हात लावला तर झिणझिण्या येतात का? हे करून पाहू नका, नुसतं आईंना विचारा.

संत्राबाग – १५ मे, सकाळी ७:५०

काका, वायर बागेतल्या खोलीतून घेतली आहे. मीटर घरगुतीच आहे, पंपाचं कनेक्शन वेगळं. अंतर पावलांनी मोजलं, ५५ मीटर भरतं. वायर आमच्या जुन्या मोटरची होती तीच, दोन तारांची, वर १.५ लिहिलंय. खोलीत स्टॅबिलायझर नाही, गाडीत आहे.

आईला विचारलं. म्हणाली, "हो, भांडी घासून आत जाताना कडीला हात लावला की मुंग्या येतात, मला वाटलं वयामुळे." मला तिने सांगितलंच नव्हतं.

जुनावायरमन – १५ मे, सकाळी ७:५८

आत्ताच्या आत्ता खोलीतला एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडायचा खटका) पाडा आणि वायर काढून ठेवा. एसी, दिवे, सगळं बंद. मोबाईल घरी चार्ज करा. मी सविस्तर लिहितो तोवर गाडीत वीज जाता कामा नये.

संत्राबाग – १५ मे, सकाळी ८:१०

काढली काका.

जुनावायरमन – १५ मे, सकाळी ९:३०

आता ऐका. घर जमिनीवर उभं असतं, गाडी रबरी चाकांवर. तुमची वायर दोन तारांची, म्हणजे अर्थिंगची तार गाडीपर्यंत पोचतच नाही. आत कुठे फेजची तार पत्र्याला टेकली की अख्खी गाडी जिवंत होते, आणि तिला जमिनीशी जोडणारा पहिला माणूस म्हणजे ओल्या पायाने कडी धरणारा. नुसत्या मुंग्या येतात म्हणजे आज गळती थोडी आहे. वायर आणखी घासली की मुंग्यांवर भागणार नाही.

करायचं ते असं. तीन तारांची वायर. गाडीजवळ अर्थिंगचा खड्डा, त्यात पाइप, भोवती कोळसा-मीठ, आणि तिथून जाड तार गाडीच्या चासीला नट-बोल्टने, रंग खरवडून. पण आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, पाइपापासून सुटते, आणि कोरड्या मातीतून वीज नीट वाहत नाही. समजा खड्ड्याचा रोध २० ओहम भरला, तर फेज पूर्ण टेकली तरी ११-१२ अँपिअरच जातील. १६ अँपिअरचा एमसीबी त्याने पडणार नाही आणि पत्रा तसाच जिवंत राहील. म्हणून खोलीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे थोडी गळती झाली तरी वीज तोडणारा खटका, बसवा, त्याशिवाय माणसं गाडीत झोपवू नका. तुमच्याकडे ठिबक असेलच. एक नळी खड्ड्यावर सोडा, ओल टिकेल.

आता एसीकडे येतो. दीड चौरस मिलिमीटरच्या नरम तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १३.३ ओहम. तुमचे ५५ मीटर जायचे आणि ५५ यायचे, ११० मीटर झाले, म्हणजे जवळपास दीड ओहम. एसी चालताना ६ अँपिअर घेतो तेव्हा ९ व्होल्ट वायरीतच जातात, ते चालून जातं. पण कॉम्प्रेसर उठताना पाच-सहापट ओढतो. ३० अँपिअर धरले तर ४४ व्होल्ट वायरीत जळाले. दुपारी खोलीत २०५ असतील तर कॉम्प्रेसरच्या वाट्याला १६१. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, २३० च्या मानाने १६१ वर निम्माच जोर उरतो. तेवढ्याने तो उठत नाही, गुंगुं करत तापतो, आणि त्याच्या डोक्यावरचं ओव्हरलोड, म्हणजे तापलं की वीज तोडणारा खटका, टक् करून त्याला सोडवतं. ते थंड व्हायला अर्धा तास लागतो. तुमचा अर्धा तास तिथून येतो.

पूर्णाकाठ – १५ मे, सकाळी १०:००

काका, पण गाडीत स्टॅबिलायझर हाय म्हणते ना ताई. मंग व्होल्टेज कमी कसं?

जुनावायरमन – १५ मे, सकाळी १०:२५

प्रश्न बरोबर आहे. स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही. १६० चे २२० करायचे तर तो मागून तितका जास्त करंट ओढतो, आणि तो करंट त्याच बारीक वायरीतून येतो. वायरीत आणखी व्होल्ट पडतात, स्टॅबिलायझर आणखी ओढतो. बारीक वायरीच्या शेवटी लावलेला स्टॅबिलायझर दुखणं वाढवतो.

गारवा – १५ मे, दुपारी १:३०

मी यवतमाळकडचा, एसी-फ्रिजचंच काम करतो. काकांनी सांगितलं ते पहिलं. मी गॅसबद्दल लिहितो, कारण ताईंचे ३३०० रुपये त्यात गेले आणि माझ्या अंदाजाने दुखणंही तिथूनच वाढलं.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळीत तोच तो फिरतो. कमी झाला तर कुठेतरी गळतोय, आणि गळती शोधल्याशिवाय भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी. ओढायच्या गाडीत हादऱ्याने फ्लेअर नट, म्हणजे गॅसच्या नळ्या जोडणारे नट, सैल होतात, तिथे तेलकट डाग दिसतो, त्यावर धूळ चिकटून काळा चिखल होतो. तसा डाग आहे का पाहा. साबणाचा फेस लावा, बुडबुडा आला तर गळती.

डाग नसेल आणि तरी गेजवर दाब कमी दिसला असेल, तर दुसरं कारण बघायला हवं होतं. आतली जाळी धुळीने बंद असली की कॉइलवरून हवा कमी जाते आणि गेजचा काटा खालीच राहतो. घाईत माणूस त्याला "गॅस कमी" म्हणतो आणि वरून भरतो. मग बाहेरच्या बाजूचा दाब चढतो, कॉम्प्रेसरला जास्त ओढावं लागतं, आणि भर उन्हात तो पडतो. दुसऱ्या भरतीनंतर लवकर बंद पडू लागला म्हणता, हे जुळतं.

आउटडोअरच्या पट्टीवर गॅसचं नाव, वजन आणि करंट लिहिलेला असतो. फोटो टाका. आणि कॉइलचाही, मागच्या बाजूने.

संत्राबाग – १५ मे, रात्री ८:४५

पट्टीवर आर-३२, ६२० ग्रॅम, ५.४ अँपिअर आहे. नटांवर डाग नाही, फेस लावला, बुडबुडा नाही.

आतली जाळी काढली तर तिच्यावर बोटभर जाड थर, तेल आणि पिठाचा. आई गाडीतच पोळ्या करते. धुतल्यावर पाणी काळं आलं.

आणि कॉइल! मागून टॉर्च मारला तर पलीकडचं काही दिसत नाही. फोटो टाकते आहे. दांड्यावर असल्यामुळे ओढणाऱ्या गाडीच्या चाकांची सगळी धूळ तिथेच जाते, हे आज लक्षात आलं. शेगावहून येताना गिट्टीच्या रस्त्याने तीस किलोमीटर आलो होतो.

वैनगंगाकाठ – १५ मे, रात्री ९:१०

फोटो पाहिला. आणखी एक सांगते. आउटडोअरचं तोंड गोठ्याच्या पत्र्याकडे आहे, मध्ये जेमतेम दीड फूट. फेकलेली गरम हवा पत्र्यावर आपटून परत कॉइलमध्ये येते. गाडी फिरवा, तोंड मोकळ्या धुऱ्याकडे (बांधाकडे) करा, निदान सहा-सात फूट काही नको. आम्ही पहिल्या वर्षी जांभळाच्या डहाळ्या टाकून सुंदर मांडव केला आणि आउटडोअरही त्यातच झाकून टाकलं, एसी दर वीस मिनिटांनी बंद. मांडव पाहिजेच, पण गाडीच्या छतावर हातभर उंच, वारं खेळेल असा. हिरवी नेट किंवा पराटीचा (कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा) थर, दोन्ही चालतं.

गारवा – १५ मे, रात्री ९:४०

वैनगंगाताई बरोबर बोलल्या. साध्या एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजतात. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ नोंदलं गेलंय, आणि तापलेल्या पत्र्याशेजारची हवा सावलीतल्या आकड्याच्या वरच असते. पुढे कधी नवा घ्याल तेव्हा टी-३ लिहिलेला बघा, तो ४६ अंशांवर तपासलेला असतो.

कॉइल धुताना गाड्या धुवायचा जोराचा पाइप वापरू नका, ॲल्युमिनियमच्या पापड्या मुडपतात. आधी सुका मऊ ब्रश, पापड्यांच्या दिशेने उभा. मग पंख्याच्या बाजूने बाहेर पाणी सोडा, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाईल. फवारणीचा पंप चांगला पडतो, पण नवा किंवा कधीच औषध न भरलेला. तणनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा पंप कितीही धुतला तरी नको, आई-बाबा तिथे झोपणार आहेत. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, ते आम्ही विसरलेलो नाही.

संत्राबाग – १९ मे, सायंकाळी ७:३०

चार दिवस लिहिलं नाही, काम चालू होतं. आई-बाबा रात्री शेजारच्या काकांच्या घरी झोपले.

गाडी फिरवली आणि खोलीच्या जवळ आणली, आता अंतर २५ मीटर आहे. ४ चौरस मिलिमीटरची तीन तारांची तांब्याची वायर घेतली. महाग पडली, पण पुढेही कामाची आहे. अर्थिंगचा खड्डा केला, ठिबकचा एक ड्रिपर त्यावर सोडला.

खोलीत आरसीसीबी बसवला आणि गाडीची वायर लावली, तर क्षणात खाली पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. इथला वायरमन म्हणाला, "नवीन पीस खराब असेल, थेट जोडून देऊ का?" काका, तुमचे शब्द आठवले, मी नाही म्हटलं. एसी, दिवे, फ्रिज एकेक सोडवत गेलो. सगळं सोडवलं तरी पडतच होता. शेवटी गाडीच्या तळाशी आडवी पडून टॉर्च मारला. वायर जिथे पत्र्याच्या भोकातून आत जाते तिथे रबराचं कडं बसवलेलंच नव्हतं. पत्र्याच्या धारेने वरचं आवरण कापून आतल्या लाल तारेचं तांबं उघडं पडलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. त्या दाण्याएवढ्या जागेतून आईला महिनाभर झिणझिण्या येत होत्या.

तो तुकडा बदलला, रबराचं कडं बसवलं. आरसीसीबी टिकला.

कॉइल धुतली. लाल माती, कापसाची बोंडं फुटतात तेव्हाचा उडालेला कापूस, कडुनिंबाचा वाळलेला मोहोर आणि कोपऱ्यात कुंभारमाशीचं मातीचं घर. दोन बादल्या चिखल निघाला. शेवटी टॉर्चचा उजेड आरपार दिसला तेव्हा बाबा म्हणाले, "आता हिले श्वास घेता येईल."

आज दुपारी चालवून पाहिला. एक वाजता टिकला, दोनलाही टिकला. तीन वाजता बंद पडला. पण आता पूर्वीसारखा दर अर्ध्या तासाने नाही, एकदाच.

जुनावायरमन – १९ मे, रात्री ८:००

शाब्बास पोरी. आरसीसीबी पडतो म्हणून काढून टाकणारे मी आयुष्यभर पाहिले. त्या दाण्याचा फोटो जपून ठेव, गावात चार जणांना दाखव.

आता आकडे दे. दुपारी एसी चालू असताना गाडीतल्या प्लगवर किती व्होल्ट, आणि सुरू होतो त्या क्षणी काटा कुठवर खाली जातो?

संत्राबाग – २० मे, दुपारी ३:३०

खोलीत २०६. गाडीत चालू असताना २०२. सुरू होताना मीटरवर १९१ दिसलं. जुनी वायर असताना मोजलं असतं तर बरं झालं असतं.

भावाच्या मित्राने क्लॅम्प मीटर आणला होता. चालताना करंट ६.९ दाखवतो. पट्टीवर तर ५.४ आहे.

गारवा – २० मे, सायंकाळी ५:१५

व्होल्टेज कमी असलं की करंट थोडा चढतो आणि उन्हातही चढतो, पण कॉइल स्वच्छ असताना दीड अँपिअर जास्त म्हणजे दोनच संशय उरतात, कॅपॅसिटर आणि जास्तीचा गॅस.

कॅपॅसिटरला आपल्याकडे बरेच जण कंडेन्सर म्हणतात आणि आउटडोअरच्या कॉइललाही कंडेन्सर म्हणतात, त्यामुळे दुकानात घोटाळा होतो. मी म्हणतोय तो ॲल्युमिनियमचा डबा, कॉम्प्रेसरच्या तारा ज्याला जातात तो. वर ३५ किंवा तत्सम आकडा असेल, मायक्रोफॅरडचा. महिनाभर कमी व्होल्टेजवर दिवसातून दहादा अडखळत सुरू व्हायला लागलं तर तो थकतो. डोकं फुगलेलं असेल तर बघायलाच नको. नसेल तरी मोजा, पाच टक्क्यांपेक्षा जास्त खाली असेल तर बदला.

हे काम तुम्ही स्वतः करू नका. वीज काढल्यावरही त्यात भार राहतो. आमच्यातले काही जण पेचकस टेकवून ठिणगी काढतात, मी शिकाऊ मुलांना तसं करू देत नाही. रोधकातून सावकाश उतरवायचा, मीटरने शून्य बघायचा, मगच हात.

मी २३ ला मोर्शीला एका कामासाठी येतो आहे. तुमचं वावर वाटेवरच दिसतं. पत्ता खासगीत पाठवा.

उन्हाळवाट – २० मे, रात्री १०:३०

धागा सुरुवातीपासून वाचतोय. एक शंका, हे सगळं करण्यापेक्षा जनरेटर लावला तर?

वैनगंगाकाठ – २० मे, रात्री १०:५०

आम्ही वापरतो, पण रस्त्यावर असताना. छोटा जनरेटर एक टनाच्या साध्या एसीला उठवताना दबतो, तीन केव्हीएच्या खाली घेऊ नका. आणि तो गाडीपासून लांब, वारा गाडीकडून जनरेटरकडे जाईल असा ठेवा. बंद गाडीत धूर शिरला तर झोपलेल्या माणसाला कळतही नाही. वस्तीला असाल तर लाइनची वीज आणि जाड वायर हेच बरं.

संत्राबाग – २३ मे, रात्री ९:००

गारवादादा आज येऊन गेले. काय काय झालं ते नीट लिहून ठेवते, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल.

कॅपॅसिटर ३५ चा होता, मीटरवर २६ आला. वरून अगदी नवा दिसत होता. नवा घातला आणि एसी सुरू केला, तर तो 'गुं' आवाज आलाच नाही. हलकं धप् झालं आणि लागला. इतके दिवस ते गुंगुंच मला साहजिक वाटत होतं.

मग गॅस. दादांनी सगळा गॅस वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घेतला आणि वजनकाट्यावर ठेवला. ७९० ग्रॅम. पट्टीवर ६२०. म्हणजे १७० ग्रॅम जास्त. मला वाटलं होतं गेज लावून पाहतील, पण ते म्हणाले, "एवढ्याशा मशीनमध्ये गेज अंदाज सांगतो, वजनकाटा खरं सांगतो." आर-३२ पेटू शकतो म्हणून विडी ओढत उभ्या असलेल्या आमच्या गड्याला त्यांनी आधी धुऱ्यापलीकडे पाठवलं. अर्धा तास व्हॅक्यूम पंप लावला, तो थांबवून दहा मिनिटं गेजचा काटा हलतो का पाहिलं, नाही हलला. मग वजनकाट्यावर बरोबर ६२० भरला.

दुपारी तीनला, बाहेर ४५ अंश असताना, करंट ५.८. गाडीतली एसीत शिरणारी हवा २७ अंश, एसीतून येणारी १५.

आणखी एक त्यांनी दाखवलं. बाबांना रिमोटने एसी बंद करून लगेच चालू करायची सवय आहे. बंद केल्यावर नळ्यांमधला दाब समान व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, त्याआधी कॉम्प्रेसरला उठवलं की त्याला भरलेलं ओझं उचलावं लागतं. लाइन गेली-आली की तीन मिनिटं थांबायचं स्टॅबिलायझरचं बटनही कुणीतरी बंद केलं होतं. चालू केलं.

दादांनी मजुरी घ्यायला नकार दिला. आईने जबरदस्तीने संत्र्याच्या सरबताच्या चार बाटल्या आणि गॅस-कॅपॅसिटरचे पैसे दिले.

गारवा – २३ मे, रात्री १०:१०

सरबत पोरांनी घरी पोचायच्या आधीच संपवलं. ताई, कॉम्प्रेसर ठणठणीत आहे. दहा-बारा हजार वाचले. पंधरा दिवसांनी जाळी, महिन्याने कॉइल. पोळ्या बाहेर करा.

पूर्णाकाठ – २५ मे, दुपारी २:३०

आजपासून नवतपा लागला, उन्हाचे ते नऊ दिवस. ताई, एसी कसा हाय? आमच्याकडं लाइन गेली, कूलरबी बंद, आंगणात बसलो हाओ.

संत्राबाग – २५ मे, दुपारी ३:०५

चालू आहे दादा, सकाळी अकरापासून सलग. बाबा जेवून आत झोपलेत, घोरण्याचा आवाज बाहेर येतो आहे. छतावर पराटी टाकली, वैनगंगाताईंनी सांगितल्याप्रमाणे हातभर उंच. त्याने आतला पत्रा आता हाताला चटका देत नाही.

वैनगंगाकाठ – २५ मे, दुपारी ३:२०

वाचून बरं वाटलं. बाबांच्या डॉक्टरांना विचारलंत का?

संत्राबाग – २५ मे, दुपारी ३:२५

हो. एक गोळी अर्धी केली त्यांनी उन्हाळ्यापुरती. चक्कर येते म्हणायचे, ते थांबलं.

संत्राबाग – ५ जून, सायंकाळी ६:४०

स्लॅब झाला, मृगाच्या आधी घर झाकलं गेलं. परवा आई-बाबा घरात जातील. त्यानंतर पाऊस सुरू झाला की गाडी चिखलदऱ्याला न्यायचा विचार आहे. घाटाचा रस्ता आहे, हादरे बसतील. जाण्याआधी काय बघू?

गारवा – ५ जून, रात्री ८:१५

दोन्ही फ्लेअर नट पान्याने तपासा, जास्त आवळू नका, तांबं चिरतं. आउटडोअरच्या चारही पायांखालची रबरं बघा. ओढताना आउटडोअरच्या पुढे जाड ताडपत्रीचा पडदा बांधा, धूळ त्यावर थांबेल. पोचल्यावर तो काढायचा विसरू नका, झाकून चालवला तर पुन्हा पहिल्या पानावर याल. आणि चिखलदऱ्यात एसी लावायची पाळी यायची नाही.

जुनावायरमन – ५ जून, रात्री ८:४०

तिथे ज्या प्लगला जोडाल त्याला अर्थिंग आहे का, हे आधी मीटरने बघून घ्या. तुमचा आरसीसीबी खोलीत आहे, तो तिथे येणार नाही, गाडीच्या आत एक वेगळा बसवून घ्या. आणि इथला टेस्टचं बटन दाबून महिन्यातून एकदा तपासा. बटनाने फक्त तो पडतो की नाही हे कळतं, अर्थिंग आहे की नाही ते कळत नाही, म्हणून खड्ड्याची ओलही बघत जा. या महिन्यात दाबलं का?

संत्राबाग – ५ जून, रात्री ८:५५

आत्ता जाऊन दाबलं काका. खट्कन पडला. आई आतून ओरडली, "दिवे गेले गं!" वर केला. ड्रिपरखाली माती ओली आहे. गाडीतल्यासाठी उद्या दुसरा आणते.